आसाफाचं गाऱ्हाणं

स्तोत्रसंहितेतलं ७३ वं स्तोत्र ज्याच्या नावावर आहे, तो आसाफ देवाच्या उपासनेतला गायक होता. झांजा वाजवायच्या, स्तुती गायची, इतरांकडून गाऊन घ्यायची, हे त्याचं नेमलेलं काम. देव चांगला आहे हे रोज सुरात सांगणारा हा माणूस या स्तोत्रात मात्र सुरुवातीलाच सांगून टाकतो, की त्याचा पाय घसरता घसरता राहिला. का, तर दुर्जनांचं बरं चाललेलं पाहून त्याला त्यांचा हेवा वाटला. मग तो एकेक गोष्ट दाखवत जातो. ही माणसं अंगाने भरलेली आहेत. इतरांना छळणारी दुखणी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मरणसुद्धा त्यांना सोपं येतं. ती वरून बोलतात, आभाळालाही तोंड लावतात, आणि तरी लोक त्यांच्याच मागे जातात. आणि तो स्वतः? त्याने मन स्वच्छ ठेवलं, हात धुतलेले ठेवले, आणि उजाडेल त्या दिवशी मारच खाल्ला.

मी नगरची. मराठी ख्रिस्ती घरात वाढले, तेव्हा हे स्तोत्र कानावरून अनेकदा गेलेलं. पण ते अंगाला भिडलं ते लग्नानंतर लखनौला आल्यावर. लालबागेतल्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये हिंदी उपासनेला बसायचं, आणि बाहेर पडल्यावर हजरतगंज, कैसरबाग, पुढे गोमतीकाठ असं चालत राहायचं, हा माझा क्रम झाला. या शहरात कुणी जिंकलं, कुणी हरलं, आणि जिंकणारे सज्जनच होते का, हा प्रश्न जवळपास प्रत्येक वळणावर एखादी पडकी भिंत विचारते. आसाफाचं गाऱ्हाणं ऐकायला याहून योग्य गाव मला माहीत नाही.

बायबलमध्ये हा प्रश्न इतका धगधगता का, हे आधी नीट पाहायला हवं. इस्राएलाशी देवाचा करार होता. अनुवादाच्या २८ व्या अध्यायात त्या कराराची दोन्ही अंगं स्पष्ट मांडलेली आहेत: आज्ञा पाळाल तर शेत, गुरं, लेकरं, सगळ्यांवर आशीर्वाद, मोडाल तर रोगराई, अवर्षण, पराभव. स्तोत्रसंहितेची पहिलीच कविता नीतिमानाला पाण्याकाठच्या झाडाच्या जागी ठेवते. आणि या सगळ्याचा हिशेब पूर्ण व्हायचा तो याच आयुष्यात. जुन्या इस्राएलाच्या कल्पनेतला अधोलोक म्हणजे धूसर, मुका प्रदेश; तिथे चांगलावाईट सगळे सारखेच जाणार. दुसरा देव नाही, म्हणून दोष द्यायला दुसरं कुणी नाही. मागचा जन्म नाही, म्हणून आजच्या दुःखाचं कारण तिथे शोधण्याची सोय नाही. वनपर्वात द्रौपदीने युधिष्ठिराला हेच विचारलं होतं: धर्म पाळणारे आपण रानात, आणि कपट करणारा दुर्योधन सिंहासनावर, हा कुठला न्याय? तिच्या प्रश्नाला आपल्याकडे निदान कर्म आणि जन्मांतर यांची लांबरुंद जागा होती. हाच प्रश्न देवाला विचारणारे यिर्मया संदेष्टा, सगळं गमावलेला ईयोब आणि आसाफ, यांना तेवढीही जागा नव्हती. मरणापूर्वी न्याय दिसला नाही तर तो कधीच दिसणार नव्हता. पुढे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अंतियोखस राजाच्या अमलात नियमशास्त्र पाळलं म्हणूनच माणसं मारली जाऊ लागली, आणि त्या काळोखात पुनरुत्थानाची आशा दानिएलाच्या ग्रंथात ठळक झाली. पण ती नंतरची गोष्ट. आसाफ जेव्हा ओरडतो तेव्हा त्याच्यासमोर फक्त आजचा दिवस आहे.

आता लखनौच्या रेसिडेन्सीत, इंग्रज रेसिडेंटच्या जुन्या आवारात चला. ३० जून १८५७ रोजी चिनहटची लढाई हरून इंग्रज फौज मागे आली आणि या आवाराला वेढा पडला. आत सुमारे तीन हजार माणसं होती. त्यांत बायका होत्या, लेकरं होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीशी इमान राखलेले शेकडो हिंदी शिपाईही होते. त्यांचा प्रमुख सर हेन्री लॉरेन्स ४ जुलैला जखमांनी गेला. पाद्री हेन्री पोलहॅम्पटन गोळी लागून अंथरुणाला खिळला आणि त्याच महिन्यात पटकीने वारला. आतली माणसं रोजच्या प्रार्थनेत स्तोत्रं वाचत होती, आणि त्या स्तोत्रांतले दुर्जन कोण याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. भिंतीपलीकडून तोफा डागणारे ते दुर्जन. सेंट मेरी चर्चच्या पडक्या जोत्याभोवतीच्या कबरी पाहताना, विशेषतः लहान मुलांच्या, त्या आयांच्या प्रार्थनेचा खरेपणा मला कधी नाकारता आला नाही.

पण भिंतीपलीकडे कोण होतं? ७ फेब्रुवारी १८५६ ला कंपनीने अवध खालसा केलं होतं. तिथला राजा वाजिद अली शाह कलकत्त्याला गेला आणि मटियाबुर्जलाच त्याचं आयुष्य सरलं. ज्या राज्याने कंपनीशी तह पाळले, तिला कर्जं दिली, ते राज्य एका जाहीरनाम्याने संपलं. त्यानंतरच्या वर्षी सूड घेत आलेला जेम्स नील अलाहाबाद आणि कानपूर इथे माणसं फासावर चढवत होता, आणि हे काम देवच आपल्या हातून करवून घेतो आहे अशी त्याची समजूत होती. सिकंदरबागेत १६ नोव्हेंबरला एका दिवसात सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. मार्च १८५८ मध्ये कैसरबाग लुटली गेली. त्या बागेतल्या एखाद्या दासीने त्या रात्री अल्लाला काय विचारलं असेल? शब्द वेगळे असतील. प्रश्न आसाफाचाच असणार. आणि आपण मराठी माणसं बिठूरच्या नानासाहेबांचं नाव ताठ मानेने घेतो, तेव्हा त्याच नावाशी जोडलेल्या कानपूरच्या बीबीघरात मारून विहिरीत टाकलेल्या बायकामुलांचा विचारही टाळता येत नाही. त्या विहिरीतून वर आलेलं गाऱ्हाणंही आसाफाचंच होतं.

बायबलमध्ये या गुंत्याला थेट भिडणारा एक लहानसा संदेष्टा आहे, हबक्कूक. तीन अध्यायांचा त्याचा ग्रंथ. तो देवाकडे तक्रार करतो, की माझ्याच देशात जुलूम चालला आहे, न्याय वाकडा झाला आहे, आणि तू नुसता पाहत आहेस. देव उत्तर देतो: मी खास्द्यांना पाठवतो आहे. हबक्कूक हादरतो. हे तर आमच्याहूनही क्रूर! जो अधिक दुष्ट त्याच्या हातून कमी दुष्टाला गिळू द्यायचं, ही कुठली नीती? तक्रार केली आणि दुखणं वाढलं. मग तो बुरुजावर जाऊन उभा राहतो, देव काय म्हणतो ते पाहत. मिळालेलं उत्तर फार थोडं आहे: गर्विष्ठाचा शेवट ठरलेला आहे, उशीर झाला तरी वाट पाहा, आणि नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल. शेवटी हबक्कूक म्हणतो, की अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरीही मी देवाच्या ठायी आनंद करीन. रेसिडेन्सीच्या हिरवळीवर उभं राहून समोर पाहावं, तर गोमतीकाठी १८५७ च्या शंभराव्या वर्षी उभारलेलं शहीद स्मारक दिसतं. या बाजूला त्यांचे मृत, त्या बाजूला आपले. दोघांनीही स्वतःला नीतिमानाच्या जागी ठेवलं होतं. हबक्कूकाच्या ग्रंथात मला सर्वांत धाडसी वाटतं ते हेच, की तो आपल्या राष्ट्राला निर्दोष ठरवून बोलायला सुरुवात करत नाही. त्याची पहिली तक्रार स्वतःच्या लोकांविरुद्ध आहे.

तिकडे इंग्लंडमध्ये ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस राष्ट्रीय उपासाचा आणि प्रार्थनेचा म्हणून पाळला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चार्ल्स स्पर्जनचं प्रवचन ऐकायला तेवीस हजारांहून अधिक माणसं जमली. हिंदुस्थानात आलेलं संकट ही कुठल्या तरी पापाची शिक्षा आहे, असं त्या दिवशी व्यासपीठाव्यासपीठावरून सांगितलं गेलं. अशाच स्वरूपाचा प्रश्न येशूच्या काळातही लोकांच्या मनात होता. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती काय यरुशलेमेतल्या इतरांहून जास्त पापी होती? येशूने स्वतःच हे विचारलं, आणि नाही म्हणून सांगितलं. मात्र तुमचं तुम्ही पाहा, तुम्ही पालटला नाहीत तर तुमचाही नाश आहे, असंही बजावलं. मेलेल्यांकडे वळलेलं बोट त्याने ऐकणाऱ्यांकडे फिरवलं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप याचं की याच्या आईबापांचं? तेव्हाही त्याने दोन्ही पर्याय नाकारले. दुःख दिसलं की अपराध शोधायचा, हा माणसाचा फार जुना उद्योग आहे. येशूने तो थांबवायला सांगितला.

हा उद्योग मी घरात पाहिला आहे. पप्पा एका सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. झालेल्या कामाचं मोजमाप घ्यायचं आणि मोजमाप-वही, म्हणजे एमबी, भरायची, हे त्यांचं काम. जेवढं काम तेवढीच नोंद, या एका हट्टापायी त्यांच्या बदल्या होत राहिल्या. आम्ही भावंडं शाळा बदलत राहिलो. ज्याची बिलं त्यांनी अडवली होती त्या ठेकेदाराचा बंगला आमच्या डोळ्यांदेखत मजल्यावर मजला चढत गेला. निवृत्तीला थोडा काळ उरला असताना पप्पांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. भेटायला येणारी माणसं प्रेमाची होती, पण चहाचा कप खाली ठेवता ठेवता काहीतरी बोलून जायची. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो, भाऊ. घरात एखादं कबूल न केलेलं पाप राहिलं असेल, वहिनी, उपास धरा. आई मान डोलवायची आणि ती माणसं गेल्यावर मोरीत जाऊन भांडी आदळायची.

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट मला तेव्हा उमगली. ते तिघे आले, त्याला ओळखू शकले नाहीत, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांचं उत्तम कृत्य. तोंड उघडल्याबरोबर त्यांनी देवाची बाजू मांडायला घेतली: देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, म्हणजे तू काहीतरी केलंच असशील. ईयोब चिडून विचारतो, की मग दुर्जन म्हातारे होईतो का जगतात, त्यांची मुलं अंगणात का नाचतात, त्यांची गाय का गाभडत नाही? ग्रंथाच्या शेवटी देव कुणावर रागावतो? देवाच्या बाजूने बोलणाऱ्यांवर. आणि म्हणतो, की माझ्याविषयी नीट बोलला तो माझा सेवक ईयोब. ज्याने देवाला कोर्टात खेचण्याची भाषा केली, त्याचं बोलणं देवाने खरं मानलं. आईला हे कुणी सांगायला हवं होतं, असं मला आजही तीव्रतेने वाटतं.

पप्पांचं आवडतं स्तोत्र ३७ वं होतं. त्यात बोलणारा म्हातारा सांगतो, की उभ्या आयुष्यात आपण नीतिमानाला टाकून दिलेलं कधी पाहिलं नाही. रात्रीच्या घरगुती उपासनेत ते वाचलं गेलं की मला आतून राग यायचा. अंथरुणावर पडल्यावर मात्र पप्पा डाव्या हाताने पानं उलटत ७३ वर थांबायचे आणि बोट ठेवायचे. मी वाचायची. हेव्याच्या ओळी आल्या की ते डोळे मिटून मान हलवायचे. त्या स्तोत्राच्या मध्यावर आसाफ म्हणतो, की हे सगळं मी उघड बोललो असतो तर देवाच्या लेकरांशी बेइमानी झाली असती. पप्पांनीही आमच्या वाढत्या वयात बंगल्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. बोट ठेवून वाचून घेणं, एवढंच त्यांचं बोलणं.

गाऱ्हाणं उपासनेत मांडता येतं, मोठ्याने, अनेकांनी मिळून मांडता येतं, हे मला लखनौने वेगळ्या वाटेने शिकवलं. मोहरममध्ये जुन्या शहरात चौकाच्या बाजूला गेलं की रात्रभर नौहे, म्हणजे शोकगीतं, ऐकू येतात. इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती तहानेने तडफडत मारले गेले. ज्याच्या फौजेने मारलं तो यझीद गादीवर राहिला. नीतिमान हरला, दुर्जन जिंकला, हे इथे कुणी लपवत नाही, सारवासारव करत नाही. शतकं उलटली तरी हे शहर ते रडून सांगतं. मीर अनीसने याच शहरात मर्सिये लिहून त्या शोकाला भाषेचं भव्य घर बांधून दिलं. बडा इमामबाडा उभा राहिला तोच मुळी दुष्काळात. १७८४ च्या सुमारास अन्नाला मोताद झालेल्या प्रजेला काम मिळावं म्हणून नवाब आसफ-उद-दौलाने हे बांधकाम काढलं. ज्याला देव देत नाही त्याला आसफ-उद-दौला देतो, अशी म्हणच इथे पडली. त्या विशाल, खांब नसलेल्या दालनात उभी राहिले की मला स्तोत्रातला आसाफ आठवतो. एकाने गाऱ्हाण्याला सूर दिला, दुसऱ्याने भुकेच्या वर्षात शोकासाठी छप्पर घातलं. शोक माणसाला देवापासून तोडत नाही, उलट त्याला देवासमोर उभं करतो, हे त्या छपराखाली मला फार खोलवर पटलं.

आपल्या मराठी मुलखात हा प्रश्न पंडिता रमाबाईंइतका कुणी जगला असेल? वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लेकीला आणि बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. कुटुंब तीर्थामागून तीर्थ हिंडलं, पुराणं सांगितली, जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात वाहिलं. मग दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांत गेली. शास्त्राने सांगितलेलं सगळं केलं आणि तरी भुकेने मेले, हा घाव रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मवृत्तपर लेखनात उघडा ठेवला आहे. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही दुःखाने पाठ सोडली नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती केडगावचं मुक्तिसदन सोपवायचं होतं, ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याच्या कामात शेवटच्या टप्प्यावर होत्या. म्हणजे ईयोबाचा शोक, आसाफाचा हेवा, यिर्मयाची तक्रार, यांतली प्रत्येक ओळ त्या बाईच्या हाताखालून गेली होती. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. बायबल १९२४ मध्ये छापून आलं. श्रद्धा बदलल्याने दुःख टळत नाही, हे त्यांच्या आयुष्याइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. आणि तरी १८९६ नंतरच्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लालबागेच्या आमच्या परिसरालाही अशी माणसं लाभली. इझाबेला थोबर्न यांनी १८७० मध्ये अमीनाबादेत मूठभर मुलींची शाळा काढली. तीच पुढे लालबागेत वाढली आणि तिच्यातून मुलींचं कॉलेज उभं राहिलं. १९०१ च्या सप्टेंबरात पटकीने त्या लखनौलाच वारल्या. त्यांची विद्यार्थिनी आणि सहकारी लीलावती सिंह हे काम पुढे नेत असताना १९०९ मध्ये शिकागोत गेल्या, चाळिशीच्या आसपास. ई. स्टॅन्ली जोन्स १९०७ मध्ये लालबागच्या चर्चचे पाळक म्हणून आले आणि काही वर्षांत शरीराने, मनाने पार खचले. याच चर्चमध्ये गुडघे टेकले असताना आपण बरे झालो, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. या प्रसंगापेक्षा त्यानंतरची त्यांची वागणूक मला अधिक मोलाची वाटते. आपण प्रार्थनेने बरे झालो म्हणून सगळ्यांनी तसंच व्हावं, असं ते म्हणाले नाहीत. १९५० मध्ये त्यांनी लालबागेतच नूर मंझिल हे मनोरुग्णालय सुरू केलं, डॉक्टरांसह, औषधांसह. दुःखावर त्यांनी १९३३ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. आणि १९७१ च्या डिसेंबरात, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनाच पक्षाघात झाला. आयुष्यभर बोलून जगलेल्या माणसाची वाचा अडखळली. त्या अवस्थेत, टेपरेकॉर्डरवर तुटक बोलून, त्यांनी शेवटचं पुस्तक सांगितलं. १९७३ मध्ये बरेलीला ते वारले. पप्पांच्या उजव्या हाताशी बसलेल्या मला हा म्हातारा परका वाटत नाही.

ईयोबाच्या पहिल्या अध्यायात सैतान देवाला एक प्रश्न विचारतो: ईयोब काय फुकट देवाचं भय धरतो? कुंपण घालून तू त्याला जपलं आहेस, गुरांनी गोठे भरले आहेस. हे काढून घे आणि मग बघ. दुर्जनांच्या भरभराटीचा सगळा प्रश्न या खोचक वाक्याशी येऊन थांबतो. चांगल्याला चांगलं फळ लगेच, दरवेळी, न चुकता मिळत असतं, तर चांगुलपणा आणि चलाखी यांत फरकच उरला नसता. जगात फुकट चांगलं वागणारी माणसं आहेत, एवढंच सैतानाला उत्तर आहे, आणि ते उत्तर युक्तिवादाने देता येत नाही. ते जगावं लागतं. पण हे मी फार जपून म्हणते. दुःख भोगणाऱ्याच्या उशाशी बसून हे वाक्य म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. ईयोबाच्या गोष्टीचा शेवटही त्याला परवानगी देत नाही. देवाने त्याला मेंढरं, उंट, बैल, गाढवी सगळं दुप्पट दिलं; पण मुलं पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. काही जुन्या भाष्यकारांनी यात अर्थ पाहिला: मेलेली दहा मुलं त्याचीच राहिली, म्हणून तीही मोजली की दुप्पटच. मला यात एवढंच दिसतं, की गेलेल्या लेकराची भरपाई होत नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं.

मग आसाफाला काय मिळालं? तो म्हणतो, हे समजून घ्यायला गेलो तर डोकं शिणलं, जोवर देवाच्या पवित्रस्थानात गेलो नाही तोवर. तिथे त्याला दुर्जनांचा शेवट दिसला: निसरडी जागा, जाग आल्यावर विरणारं स्वप्न. पण स्तोत्र तिथे संपत नाही. दुर्जनांचा हिशेब तीनचार ओळींत आटोपून आसाफ दुसरीकडेच वळतो. आपण जनावरासारखे मूढ झालो होतो, आणि त्याही वेळी देवाने आपला उजवा हात धरला होता, असं त्याला जाणवतं. स्वर्गात मला तुझ्यावाचून कोण आहे, असं तो विचारतो. प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. ज्याला प्रश्न विचारला तो जवळ सापडला आहे. ख्रिस्ती माणसासाठी ही जवळीक क्रुसावर सर्वांत गडद होते, कारण तिथे खुद्द नीतिमानाने, आपल्याला का टाकलंस असं विचारणारं २२ वं स्तोत्र ओठांवर घेतलं. त्या दिवशी राज्यपाल आपल्या वाड्यात सुखरूप होता आणि मुख्य याजक क्रुसापाशी उभे राहून थट्टा करत होते.

पवित्रस्थानात गेलं की आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती सोसायला जड आहे. गव्हात उगवलेलं निदण आताच उपटू नका, नाहीतर गहूही उपटला जाईल, असं येशूच्या एका दृष्टांतातला मालक चाकरांना सांगतो. त्या दृष्टांतात मी कायम गव्हाच्या जागी उभी असायची. याकोबाच्या पत्रात धनवंतांना उद्देशून लिहिलं आहे, की ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे. लखनौत राहून हे वाचताना मी सहज अंगावरच्या कुर्त्याकडे पाहिलं. चिकनचा कुर्ता. तेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे त्यावरच्या भरतकामाचे टाके. जुन्या शहरातल्या गल्ल्यांत आणि आसपासच्या खेड्यांत घराघरांतून बायका हे काढतात. छापलेलं कापड मध्यस्थ आणून देतो, नगावर दर ठरतो, डोळे जातात, आणि दुकानातल्या किमतीतला फार लहान वाटा त्या बोटांपर्यंत पोचतो. २००८ मध्ये लखनवी चिकनला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं, पण त्याने सुई चालवणारीचा दर आपोआप वाढत नाही. अंगाने भरलेली, सुखात मरणारी माणसं आसाफाने कुणाला म्हटलं असतं, तिच्या उंबऱ्यावरून पाहताना? तिथून पाहिलं तर त्यांत मीही आहे.

म्हणून हे स्तोत्र मी आता दोन्ही अंगांनी वाचते. जे भोगत आहेत त्यांच्या बाजूने वाचताना आवाज खाली आणत नाही. आसाफाने, यिर्मयाने, ईयोबाने देवाला धारेवर धरलं तेव्हा देवाने त्यांना हाकललं नाही, त्यांचं बोलणं पवित्रशास्त्रात ठेवून घेतलं. आजाऱ्याच्या घरी गेले तर कारणं सांगत नाही, बसते, भांडी घासायला घेते. आणि जे सुखात आहेत त्यांच्या बाजूने वाचताना पर्स उघडते, कारागीर बाईच्या घरी जाऊन तिच्याकडूनच काम घेते, तिने सांगितलेल्या दरात घासाघीस करत नाही. दुर्जनांची भरभराट किती काळ चालू द्यायची हे देवाने ठरवावं, आणि त्याला ते पुन्हा पुन्हा विचारत राहायचा हक्क मी सोडणार नाही. पण माझ्या अंगावरच्या कापडाची मजुरी पुरती पोचली का, हे देवाला विचारायचा प्रश्न नाही. त्याचं उत्तर माझ्याकडेच आहे, आणि ते मी द्यायला हवं.